फाइलनावांचे नियम मार्गदर्शिकेत कसे लिहावेत: आखूड नाव, लांब नाव आणि देवनागरीचा हिशेब

बहुतेक सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत फाइलनावांवर एकच ओळ असते: ‘नाव २५५ अक्षरांपेक्षा मोठं नसावं, त्यात विशेष चिन्हं वापरू नयेत.’ ज्याची फाइल अडली आहे त्याला या ओळीचा काही उपयोग नसतो. तो मोजतो तर नावात जेमतेम चाळीस अक्षरं भरतात, विशेष चिन्ह म्हणावं असं काही दिसत नाही, आणि तरी ‘नाव अवैध आहे’ असा संदेश समोर येतो. मग तो नाव ‘अ१’ करून मोकळा होतो आणि पुढे कधीतरी ती फाइल त्यालाच सापडत नाही.

हा लेख मार्गदर्शिका, मदतपानं किंवा कार्यालयीन सूचना लिहिणाऱ्यांसाठी आहे. भर विंडोजवर आहे, कारण एकाच फाइलला आखूड आणि लांब अशी दोन नावं असण्याचा प्रकार मुख्यतः तिथला. पण मराठीत नावं देणाऱ्याची फाइल फोनवर, सर्व्हरवर, झिपमध्ये अशी फिरत राहते, म्हणून बाकीच्यांनाही वगळता येत नाही. रोमन लिपीतली नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमनमध्येच टाइप करायच्या.

पायरी १: मर्यादा कोणाची, ते आधी शोधा

फाइलनावावर एकाच वेळी तीन-चार जणांचं राज्य चालतं. फाइल सिस्टमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) नियम वेगळे, ऑपरेटिंग सिस्टमचे वेगळे, तुमच्या सॉफ्टवेअरचे वेगळे, आणि फाइल ज्या वाटेने जाते त्या झिप, सीडी, क्लाउड यांचे आणखी वेगळे. मार्गदर्शिका लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक नियमापुढे त्याचा मालक लिहून काढा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो २५५ आणि २६० या दोन आकड्यांत. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टममध्ये एका नावाला २५५ चिन्हांची मुभा आहे. हे फक्त नाव, एक्स्टेन्शन (टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) धरून. २६० हा आकडा मात्र एनटीएफएसचा नाहीच. तो विंडोजच्या जुन्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेचा आहे आणि तो पूर्ण पाथला, म्हणजे फाइलच्या संपूर्ण पत्त्याला, लागू होतो: ड्राइव्हचं अक्षर, कोलन (:), प्रत्येक फोल्डर, प्रत्येक उलटी तिरकी रेघ, फाइलचं नाव आणि शेवटी संगणकाने स्वतःसाठी ठेवलेलं एक अदृश्य चिन्ह. म्हणजे हाताशी उरतात २५९. ‘२५५ अक्षरं चालतात’ असं लिहिणारी मार्गदर्शिका खोटं सांगत नाही, पण वाचणाऱ्याला जो अडथळा प्रत्यक्षात येणार आहे तो सांगायचं राहून जातं.

पायरी २: आखूड नाव म्हणजे काय, ते उदाहरणाने दाखवा

डॉसच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि एक्स्टेन्शनला तीन, एवढीच जागा होती. म्हणून त्याला ८.३ म्हणतात. फॅट या डॉसच्या फाइल सिस्टममध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटांची, आणि त्यातले ११ बाइट नावाचे. मधला टिंब साठवलाच जात नसे, तो फक्त पडद्यावर दिसायचा.

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि घरोघरच्या संगणकांवर लांब नावं सुरू झाली. पण जुने प्रोग्रॅम चालू राहायला हवे होते. म्हणून लांब नावाच्या प्रत्येक फाइलला विंडोज एक आखूड नावही देऊ लागलं. फॅटमध्ये लांब नावाचे तुकडे जादा ३२ बाइटी नोंदींत ठेवले जातात, एका नोंदीत १३ चिन्हं. या नोंदींवर ‘फक्त वाचनासाठी, लपलेली, सिस्टमची, व्हॉल्यूमचं नाव’ या चारही खुणा एकदम लावलेल्या असतात. असा संयोग खऱ्या फाइलवर कधी नसतो, त्यामुळे जुने प्रोग्रॅम या नोंदी ओलांडून पुढे जातात. ही योजना मला आजही फार हुशारीची वाटते.

आता नियम. समजा फाइल आहे ‘ॲन्युअल रिपोर्ट २०२४.डॉक्स’. विंडोज आधी स्पेस काढतं, अक्षरं मोठ्या लिपीत करतं, पहिली सहा घेतं, त्यापुढे ~ हे लहरी चिन्ह आणि १ लावतं, आणि एक्स्टेन्शनची पहिली तीन अक्षरं ठेवतं. रोमनमध्ये ‘ॲन्युअल’ या शब्दाची अक्षरं बरोबर सहा, म्हणून आखूड नाव झालं ‘ॲन्युअल~१.डॉक’. त्याच फोल्डरमध्ये नंतर ‘ॲन्युअल अकाउंट्स.डॉक्स’ आली की ती ‘ॲन्युअल~२.डॉक’. अशा चार फाइली झाल्या की पाचवीपासून पद्धत बदलते: नावाची पहिली दोनच अक्षरं, मग सोळाच्या अंकपद्धतीतली चार चिन्हं (० ते ९ आणि ए ते एफ यांतली), मग ~ आणि आकडा. या चार चिन्हांवरून मूळ नाव कोणालाच ओळखता येत नाही.

वाचणाऱ्याला हे स्वतः पाहू द्या. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरमध्ये जायचं, ‘डीआयआर’, स्पेस, ‘/एक्स’ असं टाइप करायचं. लांब नावाशेजारी आखूड नाव दिसतं. तो रकाना रिकामा असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे नाव मुळातच ८.३ मध्ये बसणारं आहे. दुसरी म्हणजे त्या ड्राइव्हवर आखूड नावं तयार करणं बंद आहे. दुसरी शक्यता मार्गदर्शिकेत ठळकपणे लिहा. एनटीएफएसवर ही सोय ड्राइव्हनिहाय चालू-बंद करता येते आणि एक्सफॅट व रेएफएस या फाइल सिस्टममध्ये ती नाहीच. ‘एफएसयूटिल ८डॉट३नेम क्वेरी’ आणि पुढे ड्राइव्हचं नाव, ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवली की त्या ड्राइव्हची स्थिती कळते. याच आज्ञेचा ‘स्ट्रिप’ हा प्रकार आधीची आखूड नावं पुसून टाकतो. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) आखूड नाव धरून बसलेले जुने प्रोग्रॅम त्याने बंद पडू शकतात, तेव्हा त्याचा उल्लेख करायचाच असेल तर इशाऱ्यासकट करा.

आखूड नावांबद्दल तीन गोष्टी मार्गदर्शिकेत यायलाच हव्यात.

पहिली: आखूड नाव कायमचं नसतं. फोल्डर दुसरीकडे कॉपी केला आणि फाइली वेगळ्या क्रमाने पोहोचल्या तर कालची ~१ आज ~२ होते. म्हणून बॅच फाइलमध्ये, शॉर्टकटमध्ये किंवा बॅकअपच्या यादीत आखूड नाव लिहून ठेवू नये. लांब नाव लिहावं आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावं. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरचा पाथ अवतरणाशिवाय लिहिला की मधल्या स्पेसपाशी आज्ञा तुटते. पुष्कळ लोक केवळ त्यासाठी ‘~१’वालं नाव वापरतात. अवतरणचिन्हांनी ते काम सरळ होतं.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये तारांकन (*, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) वापरून शोध घेतला की विंडोज लांब नावाबरोबर आखूड नावही तपासतं. समजा कोणी ‘डेल *.एचटीएम’ लिहून तीन अक्षरी एक्स्टेन्शनच्या फाइली पुसायला गेला. ‘.एचटीएमएल’ या चार अक्षरी एक्स्टेन्शनच्या फाइलींचं आखूड एक्स्टेन्शन तेच तीन अक्षरी असतं, त्यामुळे त्याही जातात, आणि कमांडने पुसलेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही. तुमच्या मार्गदर्शिकेत तारांकनाची कुठलीही पुसण्याची आज्ञा असेल तर त्याआधी तेच तारांकन ‘डीआयआर’ला देऊन यादी पाहायला सांगा.

तिसरी: वापरकर्त्याने आखूड नाव स्वतः कधी मागितलेलं नसतं, पण ते त्याला दिसतं. विंडोजवरच्या खात्याचं नाव लांब असेल किंवा त्यात स्पेस असेल तर तात्पुरत्या फाइलींच्या पाथमध्ये आडनाव गायब होऊन ~१ दिसतं. ‘माझ्या नावाचं हे काय झालंय, व्हायरस आहे का?’ असं विचारणाऱ्याला दोन ओळींत धीर देणं हेही मार्गदर्शिकेचं काम आहे.

पायरी ३: पाथ मोजायला शिकवा

विंडोजवर डेस्कटॉपवरच्या फाइलीचा पाथ ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो, मग ‘युजर्स’, मग खात्याचं नाव, मग ‘डेस्कटॉप’. खात्याचं नाव आठ अक्षरांचं धरलं तर फाइलचं नाव सुरू होण्याआधीच २६ चिन्हं खर्च झालेली असतात. डेस्कटॉप वनड्राइव्हमध्ये हलवलेला असेल तर ३५. म्हणजे उरली २२४. त्यात ‘२०२४-२५’, ‘जिल्हा वार्षिक योजना’, ‘प्राप्त प्रस्ताव’, ‘मंजूर’ अशी उतरंड लागली की नावाला फारशी जागा राहत नाही.

झिप उघडताना हे हमखास घडतं. विंडोज ‘सगळं बाहेर काढा’ करताना झिपच्या नावाचाच एक फोल्डर तयार करतं. झिपच्या आतही बहुधा त्याच नावाचा फोल्डर असतो. लांबलचक नाव पाथमध्ये दोनदा आलं, आणि पाठवणाऱ्याकडे सुरळीत उघडणाऱ्या फाइली घेणाऱ्याकडे अडतात. उपाय सोपा आहे, तोच लिहा: झिप आधी ‘सी’ ड्राइव्हवर थेट एखाद्या दोन अक्षरी फोल्डरमध्ये उघडा.

फोल्डरसाठी मर्यादा आणखी थोडी अलीकडे आहे. फोल्डर तयार करताना विंडोज २६० मधले १२ राखून ठेवतं, कारण आत निदान एक ८.३ नावाची फाइल मावली पाहिजे: आठ, टिंब, तीन. आखूड नावाची सावली लांब नावाच्या नियमावर अशी अजून पडलेली आहे.

विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ या आवृत्तीपासून ही २६० ची अट काढता येते. रेजिस्ट्रीतली ‘लाँगपाथ्सएनेबल्ड’ ही नोंद १ करावी लागते. पण तेवढं पुरत नाही. त्या-त्या प्रोग्रॅमनेही आपल्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रकात) ‘मला लांब पाथ समजतात’ असं जाहीर केलेलं असावं लागतं. त्यामुळे एकाच संगणकावर एक प्रोग्रॅम फाइल जतन करतो आणि दुसऱ्याला ती उघडता येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर यातलं कोणतं आहे हे विकसकाला विचारा आणि उत्तर मार्गदर्शिकेत लिहा. वाचणाऱ्याला ते दुसरीकडे कुठेही कळणार नाही. पाथच्या आधी \\?\ ही चार चिन्हं लावून साधारण ३२,७६७ चिन्हांपर्यंत जाता येतं, पण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी वापरायचं. सामान्य वापरकर्त्याच्या पानावर ते देऊ नये.

पायरी ४: देवनागरी कशी मोजली जाते

मराठी मार्गदर्शिकेत हा भाग नसेल तर बाकीचे सगळे आकडे फसवे ठरतात. ‘२५५ अक्षरं’ म्हणताना विंडोज युनिकोडची (सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाची) चिन्हं मोजतं. लिनक्सवरची ईएक्सटी४ फाइल सिस्टम बाइट मोजते. आपण डोळ्यांनी अक्षरं मोजतो. तिघांचे हिशेब वेगळे.

‘शेतकऱ्यांच्या तक्रारी.पीडीएफ’ हे नाव घ्या, एक्स्टेन्शन रोमनमध्ये धरा. डोळ्यांना दिसतात आठ अक्षरं: शे, त, क, ऱ्यां, च्या, त, क्रा, री. युनिकोडमध्ये प्रत्येक व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांची नोंद स्वतंत्र असते. ‘ऱ्यां’ एकट्याचीच पाच चिन्हं होतात. देवनागरीची २० चिन्हं, एक स्पेस, टिंबासकट एक्स्टेन्शनची चार: विंडोजच्या लेखी २५. लिनक्सवर यूटीएफ-८ या युनिकोड बाइटांत साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, रोमनचं एक. म्हणजे ६० अधिक १ अधिक ४, एकूण ६५ बाइट.

डोळ्यांना आठ, विंडोजला २५, लिनक्सला ६५. हे उदाहरण जसंच्या तसं मार्गदर्शिकेत घेतलं तरी चालेल, कारण एकदा हे पाहिलं की वाचणारा पुढे स्वतः अंदाज बांधू शकतो.

ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट. चार अक्षरी एक्स्टेन्शनचे टिंबासकट पाच सोडले तर २५० उरतात, म्हणजे देवनागरीची ८३ चिन्हं. डोळ्यांना दिसणारी अक्षरं तीस-पस्तीसच. अँड्रॉइड फोनच्या खालीही लिनक्सच आहे, त्यामुळे तिथेही बाइटांचाच हिशेब. ईक्रिप्टएफएस वापरून नावं गुप्त ठेवणाऱ्या साठ्यावर ही मर्यादा १४३ बाइटांवर येते. तिथे एक्स्टेन्शन धरूनही देवनागरीची ४७ चिन्हं मावत नाहीत. विंडोजवर बनवलेलं साठ अक्षरांचं मराठी नाव सर्व्हरवर चढवताना अडतं ते यामुळे. वेब पत्त्यात तर प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला तिथे ९० चिन्हं लागतात.

शासन निर्णयांच्या फाइलींना लोक अख्खा विषय नाव म्हणून देतात, तिथे ही अडचण रोजची आहे. शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशा आकड्यांनी होते. नावात तो संकेतांक आधी आणि मग विषयातले ओळख पटवणारे दोन-तीन शब्द, अशी शिफारस मी करतो. फाइली तारखेच्या क्रमाने लागतात आणि नाव कुठल्याही यंत्रावर मावतं.

पायरी ५: न चालणारी चिन्हं, आपल्या कागदांच्या संदर्भात

विंडोजवर ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत: < > : " / \ | ? *

नुसती यादी देऊन थांबू नका. मराठी कागदांत ही चिन्हं नेमकी कुठे येतात ते दाखवा. ‘७/१२ उतारा’ या नावाची फाइल बनवता येत नाही. ‘सातबारा उतारा’ लिहावं लागतं. गट क्रमांक ‘१२३/२’, जावक क्रमांक ‘जा.क्र./आस्था/४५/२०२४’, तारीख ‘१५/०८/२०२४’, ‘विषय:’ नंतरचं चिन्ह, सगळ्यांत तीच अडचण. मॅकच्या फाइंडरमध्ये तिरकी रेघ टाइप करू दिली जाते, पण आत ती कोलन (:) म्हणून साठवली जाते, आणि तेही विंडोजला चालत नाही. काही जण हुबेहूब तिरक्या रेघेसारखं दिसणारं दुसरं युनिकोड चिन्ह वापरतात. ते करायला सांगू नका. पुढे साध्या कीबोर्डवरून ती फाइल शोधता येत नाही.

तुमचं सॉफ्टवेअर अर्जातल्या रकान्यावरून आपोआप फाइलनाव बनवत असेल तर तिरक्या रेघेच्या जागी काय घातलं जातं ते लिहा. आणि विकसकाला हेही विचारा: ‘१२/३-१’ आणि ‘१२-३/१’ या दोन वेगळ्या क्रमांकांचं नाव बदलून ‘१२-३-१’ असं एकच होत असेल, तर दुसरी फाइल पहिलीवर लिहिली जाते का? जमिनीच्या नोंदीत हा प्रश्न किरकोळ नाही.

नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असेल तर विंडोज ते काही न बोलता काढून टाकतं. आपल्याकडे संक्षेप टिंबाने संपतात: ‘ग्रा.पं.’ असा फोल्डर बनवला की तो ‘ग्रा.पं’ होतो. एरवी काही बिघडत नाही. पण लिनक्स सर्व्हरवर शेवटच्या टिंबासह बनलेला फोल्डर सिंक होऊन विंडोजवर आला की तो उघडतही नाही आणि पुसलाही जात नाही. संक्षेप टिंबाने संपवू नयेत, एवढी एक ओळ पुरेशी आहे.

राखीव नावांचं मूळ डॉसमध्ये आहे. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. उपकरणांची नावं सगळीकडे चालायची ती फोल्डर आल्यावरही तशीच ठेवली गेली: कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, कॉम१ ते कॉम९, एलपीटी१ ते एलपीटी९. यातलं पीआरएन म्हणजे प्रिंटर. पण महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक. महाविद्यालयाच्या कार्यालयात कोणी ‘पीआरएन’ एवढंच नाव देऊन एक्सेल फाइल जतन करायला जावं आणि विंडोजने नकार द्यावा, हे अगदी साहजिक आहे. विंडोज ११ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शन लावूनही ते नाव सुटत नाही. ‘पीआरएन यादी’ मात्र चालतं. महाविद्यालयांसाठी मार्गदर्शिका लिहीत असाल तर हे उदाहरण घ्याच.

पायरी ६: दिसायला एक, आतून वेगळी नावं

मराठीत हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि मार्गदर्शिकांत त्याबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं.

‘शेतकऱ्यांच्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी लिहिला जातो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा पाय मोडून य जोडला की ऱ्य. दुसरी तऱ्हा: साधा र, पाय मोडण्याची खूण, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ती दोन निराळी नावं आहेत. वरच्या उदाहरणात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं तर नाव २५ ऐवजी २६ चिन्हांचं आणि ६५ ऐवजी ६८ बाइटांचं होतं. एकाच फोल्डरमध्ये ‘शेतकऱ्यांच्या तक्रारी’ नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी बसू शकतात, आणि एकीचा शोध घेतला तर दुसरी सापडत नाही.

तिसरी तऱ्हाही आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम ऱ चे तुकडे करून र आणि खालचा नुक्ता असं साठवायची. अशा मॅकवरून आलेल्या फाइलचं नाव तिसऱ्याच रूपात असू शकतं. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केल्याने हे तिसरं रूप पहिल्यात येतं, पण अदृश्य जोडचिन्हाचं दुसरं रूप तसंच राहतं. ते विकसकाला वेगळं हाताळावं लागतं.

काही सॉफ्टवेअर ‘अनावश्यक चिन्हं’ साफ करताना हे जोडचिन्ह काढून टाकतात. मग ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. मराठी मजकुरात ‘बर्याच’, ‘दुसर्या’ अशी रूपं दिसतात त्यांतली काही अशा साफसफाईतून आलेली असतात. फाइलनावातलं जोडचिन्ह गेलं की त्या नावाकडे बोट दाखवणारा प्रत्येक दुवा तुटतो.

ॲ चंही तसंच. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते लिहायचे, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच लिहितात. ‘ॲडमिशन’ नावाचे दोन फोल्डर दिसले तर आधी हेच तपासा. ही दोन रूपं प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत.

मार्गदर्शिकेत वापरकर्त्याला एवढंच सांगा: कार्यालयात सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठेवा, शक्यतो इनस्क्रिप्ट, आणि आधीच्या फाइलचं नाव पुन्हा टाइप न करता कॉपी करा. आकडेही एकाच लिपीत ठेवा, कारण देवनागरी १ आणि रोमन एक ही दोन वेगळी चिन्हं आहेत आणि यादीत वेगवेगळी लागतात. एक अंकी क्रमांकाआधी शून्य लावा, म्हणजे साध्या क्रमवारीत १० हा २ च्या आधी येणार नाही.

पायरी ७: वाटेतले नियम, थोडक्यात

झिपमध्ये नावं मुळात जुन्या आयबीएम संकेतप्रणालीत असत. यूटीएफ-८ ची खूण २००६ मध्ये प्रमाणात आली. ती खूण न लावणाऱ्या प्रोग्रॅमने बनवलेल्या झिपमध्ये मराठी नावांची चिन्हं-चौकोन होतात. सीडीचं आयएसओ ९६६० प्रमाण पहिल्या स्तरावर ८.३ च मागतं, तेही फक्त मोठी रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेघ. जोलिएट या विस्तारात ६४ चिन्हं मिळतात. शेअरपॉइंट आणि वनड्राइव्हवर पूर्ण पाथ ४०० चिन्हांचा. फॅट१६ ने फॉरमॅट केलेल्या जुन्या पेनड्राइव्हवर सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये साधारण ५१२ नोंदींचीच जागा असते, आणि आपलं २५ चिन्हांचं नाव त्यातल्या तीन खातं: दोन लांब नावाच्या, एक आखूड नावाची. जागा शिल्लक असताना ‘ड्राइव्ह भरला’ असा संदेश त्यामुळे येतो. फाइली एका फोल्डरमध्ये हलवल्या की प्रश्न मिटतो.

पायरी ८: आता पान लिहा

नियम लिहिताना आकडा, तो कशाचा आहे, आणि ओलांडला तर काय करायचं, या तिन्ही गोष्टी एकत्र द्या. नमुना असा:

‘फाइलचं नाव एक्स्टेन्शन सोडून जास्तीत जास्त ८० युनिकोड चिन्हांचं ठेवा. मराठीत हे साधारण तीस जोडाक्षरी-साधी अक्षरं होतात. एवढं नाव विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड या तिन्हींवर चालतं. फोल्डरांसकट पूर्ण पाथ विंडोजवर २५९ चिन्हांत बसला पाहिजे. बसत नसेल तर फाइल वरच्या फोल्डरमध्ये हलवा. नाव बदलायची गरज नाही.’

‘विशेष चिन्हं’ हा शब्दप्रयोग कुठेही वापरू नका. अनुस्वार विशेष चिन्ह आहे का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो आणि तो रास्त आहे. न चालणारी चिन्हं छापा, बाकी सगळं चालतं असं म्हणा.

संदेशांची भाषा तुमच्या हाती असेल तर तीही बदलून घ्या. ‘नाव अवैध आहे’ याऐवजी: ‘फाइल जतन झाली नाही. फोल्डरांसकट पूर्ण पाथ २७४ चिन्हांचा होतो. इथे २५९ चालतात. १५ चिन्हं कमी करा किंवा फाइल वरच्या फोल्डरमध्ये ठेवा.’ संगणकाला हे आकडे माहीत असतातच. ते माणसाला न सांगण्याचं काही कारण नाही.

पायरी ९: लिहिलेलं तपासून पाहा

प्रत्येक नियमासाठी एक खरी फाइल बनवा आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून ती जतन करा, उघडा, नाव बदला, झिप करा, फोनवर पाठवा, परत आणा. निदान एवढी नावं हवीत: ८० देवनागरी चिन्हांचं एक, ८४ चं एक, ऱ्य दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं, ॲ दोन्ही तऱ्हांनी, टिंबाने संपणारा फोल्डर, नुसतं ‘पीआरएन’, सहा रोमन अक्षरं समान असलेल्या पाच फाइली, आणि २५९ व २६० चिन्हांचे दोन पाथ.

फाइल परत आल्यावर नाव डोळ्यांनी ताडू नका. पायथॉनमध्ये नावाची लांबी दोनदा मोजा: एकदा चिन्हांची, एकदा यूटीएफ-८ मध्ये बदलून बाइटांची. जाण्यापूर्वीचे आणि आल्यानंतरचे दोन्ही आकडे जुळले, तरी मूळ नाव आणि परत आलेलं नाव यांची थेट तुलनाही करून घ्या, कारण ऱ ची अदलाबदल आणि ॲ ची अदलाबदल एकाच नावात झाली तर लांबी योगायोगाने सारखी राहू शकते. जे नाव बदलून आलं असेल ते कुठल्या टप्प्यावर बदललं, ते शोधून त्या टप्प्याच्या नावासह पानावर नोंदवा. चाचणी कोणत्या आवृत्तीवर आणि कधी केली तेही पानाच्या तळाशी लिहा, म्हणजे सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आल्यावर कोणते नियम पुन्हा तपासायचे हे तुमच्यानंतर येणाऱ्या लेखकाला कळेल.